सुमनआत्याचं पान

अप्पांच्या पंथाबद्दल एक गोष्ट विचारायला जावं, तर माणसं चार सांगतात. चारही ऐकून हसावं की रडावं कळत नाही. मला खरं तर एकच हवी होती. बाबांची थोरली बहीण, सुमनआत्या, ऐन लग्नाच्या वयात या पंथात गेली ती परतलीच नाही. बायपासनंतर बाबा म्हणाले, "ताई आहे की नाही, एवढं कळू दे रे." म्हणून मी रविवारी बाईक काढून बेंगळुरूतली जुनी मराठी घरं धुंडाळू लागलो.

पंथाचा नियमच अजब. आत येणाऱ्यानं मागं राहिलेल्या सगळ्यांना मेलेलं धरायचं. दर सर्वपित्रीला त्यांच्या नावानं, त्यांच्या आवडीचं पान कावळ्याला ठेवायचं. आणि ज्यांच्या नावानं पान, ते दोन गल्ल्या पलीकडे धडधाकट!

*

यशवंतपूरच्या हार्डवेअरवाल्या अण्णांचे वडील असेच पंथात गेले. एकदा ते पंथातल्या एका सोबत्याला घेऊन दुकानात बादली घ्यायला आले. अण्णांनी गल्ल्यावरून उठून त्यांचे पाय धरले. वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं, बादली जागेवर ठेवली आणि सोबत्याला म्हणाले, "चल. इथं कुणी नाही वाटतं."

अण्णांनी हे मला हसत सांगितलं. मग "स्वल्प कॉफी आणतो" म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

*

हेब्बाळच्या एका अक्कांची सासू पंथात गेली, सासरे घरीच राहिले. दर सर्वपित्रीला ते पंथाच्या मठाच्या कुंपणावरून स्वतःच्या नावाचं पान बघून यायचे. एका वर्षी तणतणत परतले. "जिवंतपणी दुधी, मेल्यावरही दुधीच!"

पुढच्या वर्षी ते खरंच वारले. निरोप घेऊन माणूस मठात गेला, तर सासूबाई म्हणाल्या, "हे मला जुनंच आहे."

*

हा पंथ काढणाऱ्या त्या अप्पांचा मला राग येतो, सरळच सांगतो. ते वारले तेव्हा शिष्य त्यांच्या बायकोला बोलवायला गेले. बाई दारातच म्हणाल्या, "माझं श्राद्ध त्यांनी कधीच घातलंय. मेलेल्या बाईला कसलं सुतक?" आणि दार लावून घेतलं.

त्यांच्याच सुनेनं मला पत्ता दिला. मठ मोडला, पण उरलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमागं राहतात. एरवी कुणाला आत घेत नाहीत, सर्वपित्रीला मात्र दार उघडं असतं.

*

सर्वपित्रीला बाबांना कॅबनं तिथं नेलं. पथ्य म्हणून आईनं दहीभाताचा डबा दिला होता, लोणचं वेगळ्या डबीत. भाताला लोणचं लागलं की बाबा अजूनही लहान मुलासारखे ताट सरकवतात.

मागच्या खोलीत जमिनीवर कावळ्याला ठेवायची पानं मांडलेली होती. पानांशी बसलेल्या म्हातारीची हनुवटी थेट बाबांची. बाबा दारात उभे राहिले. "ताई," एवढंच म्हणू शकले.

मला अण्णांच्या वडिलांची, बादलीची गोष्ट आठवली.

आत्यानं बाबांकडे खूप वेळ पाहिलं. दचकली नाही, रडली नाही. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "आमचा बाळू आलाय. दरवर्षी कावळा पाठवतो, यंदा स्वतःच आला. दहीभात वाढ त्याला. लोणचं भाताला लावू नकोस."

बाबा चपला काढून आपल्या पानावर जाऊन बसले.