डाव्या हाताचे चार शनिवार

आता जे सांगतो आहे ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला यातलं अर्धं माहीत आहे, आणि तिला वाटतं तेवढंच आहे. बाकी कोणालाच नाही. तुम्ही म्हणाल, मग आम्हालाच काहून? खरं सांगू? तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. सव्वीस वर्षं शिक्षकी केली. शिक्षकाला चुका काढायची सवय असते, पण दुसऱ्याच्या.

मी पटले सर. सिहोऱ्याकडच्या एका लहान गावात सातवीपर्यंतची शाळा आहे, तिथं शिकवतो. गावाचं नाव सांगत नाही. गाव चांगलं आहे, त्याचा यात काही दोष नाही. शाळेसमोर तलाव, तलावाच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि शाळेत मी, माझ्या अक्षरासकट. हो, अक्षराचं आधी सांगितलं पाहिजे. माझं अक्षर सुंदर आहे. गर्वानं सांगत नाही — म्हणजे थोडं गर्वानंच सांगतो. आसपासच्या गावांत कोणाचा सत्कार असला की मानपत्र लिहायला पटले सरांनाच बोलावणं येतं. ते अक्षर उजव्या हाताचं आहे. एवढं ध्यानात ठेवा.

तीन वर्षांमागे, होळीच्या आधी, भंडाऱ्याला आमचं प्रशिक्षण झालं. मेंदू शिकतो कसा, हा विषय. प्रशिक्षणात समोसा खाल्ल्यावर मला झोप येते, ती काही लपवायची गोष्ट नाही, पन्नास जण झोपतात. पण त्या दिवशी मी जागा राहिलो. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या की हुशार डोकं आणि ढ डोकं अशा दोन जाती नसतातच. माणूस नवीन काही करून पाहतो, चुकतो, पुन्हा करतो, आणि तेवढ्या वेळा मेंदूतली जोडणी पक्की होत जाते. म्हणून मुलांना ‘मला येत नाही’ म्हणू देऊ नका, ‘मला अजून येत नाही’ म्हणायला लावा. एका शब्दाचा तर फरक! मला ते इतकं पटलं की परतीच्या एसटीत शेजारच्या माणसाला मी तुमसरपर्यंत समजावत आलो. बिचारा खापा फाट्याला उतरणार होता, उतरायचाच विसरला.

दुसऱ्या दिवशी सहावी-सातवीला एकत्र बसवलं. म्हटलं, शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून पहिल्यांदा चाललं तर काय असतं? गवत, काटे. रोज चाललं तर? वाट पडते. मेंदूत असंच होतं. मुलं खूश. ‘अजून’ तर त्यांना फारच आवडला. सोमवारी एकानं सांगितलं, “सर, मी अजून गृहपाठ केला नाही.” दुसरा म्हणाला, त्यानं अजून आंघोळ केली नाही. पोषण आहाराच्या ताईंना कोणी तरी सांगून आलं की भात अजून शिजला नाही, पण शिजू शकतो. म्हणजे पोरांना समजलं होतं, माझ्यापेक्षा जास्तच.

मग मला सुचलं की प्रत्येकानं आपल्याला न येणारी एक गोष्ट निवडायची. महिनाभर सराव करायचा, आणि दर शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्यांसमोर करून दाखवायची. कोणी एकोणीसचा पाढा घेतला, कोणी शिट्टी वाजवणं. सातवीतल्या दुर्गानं सायकल घेतली.

दुर्गाचं सांगतो. तिची सायकल म्हणजे हौस नव्हती. आमची शाळा सातवीला संपते, आठवीला सहा किलोमीटर जावं लागतं. आठवीतल्या मुलींना शाळेकडून सायकल मिळते — पण ती चालवता तर आली पाहिजे! रस्ता दोन्ही बाजूंनी बांध्यांचा, एकटी पोर पायी कशी पाठवायची? तिच्या आईनं स्पष्ट सांगितलं होतं, जूनपर्यंत सायकल आली तर शाळा, नाही तर घरी बसायचं. आणि दुर्गा सायकलवर दोन पायडल मारले की पडायची. बापाची मोठी काळी सायकल, सीटवर पाय पुरेना, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची चालवायची. गुडघे बाराही महिने हळदीचे.

तर निवडून झालं सगळ्यांचं. आणि ही दुर्गा उभी राहिली अन् विचारती झाली, “सर, तुमाले काय येत नाही?”

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत एवढा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तरही साधंच होतं. मला पोहता येत नाही. शाळेच्या दारात तलाव, गावातली सगळी पोरं त्यात म्हशीसारखी डुंबतात, आणि मी पायऱ्यांवर घोट्यापर्यंत उतरतो. ते सांगायला काय झालं होतं? पण मला दिसलं — मी चड्डीवर पाण्यात, नाकातोंडात पाणी, आणि पाळीवर बसून अख्खी शाळा हसते आहे. माझ्या तोंडून निघालं, “मी डाव्या हातानं लिहायला शिकणार.”

अजून सांगितलं नाही ना तुम्हाला? मी जन्मापासून डावखुरा आहे.

आमच्याकडे त्याला डेबऱ्या म्हणतात. लहानपणी मला सगळे डेबऱ्याच म्हणायचे. मी पाटीवर डाव्या हातानं भराभर लिहायचो. गुरुजींनी बोटांवर पट्टी मारली. आईनं लुगड्याच्या चिंधीनं डावा हात कमरेच्या करदोड्याला बांधून ठेवला, शाळेत जाताना बांधायची, आल्यावर सोडायची. तिलाही वाईट वाटायचं, पण लोक हसतात म्हणून बांधायची. उजव्या हाताचं माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं शेणात पाय दिल्यासारखं. पहिली गेली, दुसरी गेली. चौथी संपता संपता कुठं ओळ सरळ आली. मी रडलो किती, ते नका विचारू. पण डावा हात काही विसरला नव्हता. घरी भाजी चिरणं, दाढी करणं, सगळं डाव्यानंच. बायकोला अर्धं माहीत आहे म्हटलं ते हेच.

म्हणजे डाव्या हातानं लिहिणं हा माझ्यासाठी हातचा मळ. अडचण एकच, वाईट लिहिता येईना! पहिल्या शनिवारी अक्षर वाकडं यायला पाहिजे होतं, आणि हात सरळच चालायचा. मग मी काय केलं असेल? घरी वाईट लिहायचा सराव केला. पाठाचं टाचण काढतात तसं खोटं बोलायचं टाचण काढलं. पहिला शनिवार: वेलांट्या उलट्या, खडू एकदा हातातून पडला पाहिजे. दुसरा शनिवार: अक्षरं बरी, ओळ उतरती. तिसरा: ओळ सरळ, जोडाक्षर अडखळतं. चौथा: मोत्यासारखं. बायकोनं विचारलं, कायले वाकडं लिहून राहिले? म्हटलं, सरकारी काम आहे. तिला ते लगेच पटलं.

चारही शनिवार टाचणाप्रमाणे पार पडले. पहिल्यांदा मी फळ्यावर ‘अजून’ लिहिलं तेव्हा वर्ग पोट धरून हसला. मीही हसलो. कपाळाचा घाम पुसला, तोसुद्धा टाचणात होता. तिसऱ्या शनिवारी मुलं ओरडून मला धीर देत होती. मला लाज वाटायला पाहिजे होती, नाही का? मला मजा वाटत होती. लहानपणी ज्या हाताला पट्ट्या पडल्या त्याला आता टाळ्या पडत होत्या. तेही खरंच आहे, पण त्यानं काही बदलत नाही.

दुर्गा त्या महिन्यात रोज पडली. चौथ्या शनिवारी केंद्रप्रमुख साहेब आले होते, त्यांनी मोबाइल धरला. मी एक पूर्ण वाक्य लिहिलं, ‘मेंदू वाढतो, आपण वाढवला तर.’ काय सुंदर आलं म्हणता! मग सगळे मैदानात गेले. दुर्गानं सायकल घेतली, कैचीत पाय घातला, दोन पायडल, तीन पायडल — आणि सरळ बोरिंगच्या हापशाच्या दांड्यावर. उठली. फ्रॉक झटकला. खिडकीतून फळा दिसत होता, तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “सर, तुमचा मेंदू वाढते, माया नाही वाढत. मले नाही येत.”

‘अजून’ नाही म्हणाली. महिनाभर त्या एका शब्दासाठी मी घसा फोडला होता, आणि तिनं तो गाळला. माझ्याच अक्षराकडे पाहून गाळला.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. एवढंच तर होतं — बेटा, हा हात खोटा आहे, खरा शिकलेला उजवा आहे, आणि त्याला चार वर्षं लागली. साहेबांचा मोबाइल चालू होता. मी म्हणालो, चला, दुर्गासाठी टाळ्या. आणि खरंच वाजवल्या पोरांनी. तिनं सायकल भिंतीला टेकवली ती मग उचललीच नाही.

तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. मला भंडाऱ्याला बोलावलं, शंभरेक शिक्षकांपुढे मी डाव्या हाताची यात्रा सांगितली. यात्रा! पितळेचा गडू मिळाला. बायकोला म्हटलं, चांगल्या अक्षरासाठी मिळाला. तो आमच्या टीव्हीवर आहे. बायको दर दिवाळीला चिंचेनं घासते आणि तो आणखीच चमकतो.

जून आला. दुर्गाचं नाव आठवीत घातलं, शाळेची सायकलही घरी आली, पण ती चालवेना. जुलैत मी तिच्या घरी गेलो. नवी निळी सायकल पडवीत उभी, तिच्या कॅरियरवर कोंबडी बसलेली. आईनं चहा दिला. म्हणाली, “सर, तुमाले एका मईन्यात येते. तुमी सर आहात. आमच्या पोरीचं डोकं तेवढं नाही, ते तिले समजलं, बरं झालं.” मी चहा प्यालो. म्हटलं, मी सायकल धरतो मागून. धरली तीन दिवस, पँट गुडघ्यापर्यंत वर करून पळालो. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावरून मीच चिखलणी केलेल्या बांधीत गेलो, धानाचा रोवणा करणाऱ्या बाया इतक्या हसल्या की दोघी खाली बसल्या. बघा, शेवटी हसू ते झालंच. मग पोहायलाच शिकलो असतो तर काय बिघडलं असतं? दुर्गा मात्र हसली नाही. म्हणाली, राहू द्या सर, तुमचा टाइम जाते. आणि पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी घेऊन बांधीत उतरली.

अर्धं वर्ष ती घरीच होती. त्या रस्त्यानं सायकलींवर आठवीच्या पोरी जायच्या, मी शाळेच्या फाटकात उभा राहून मोजायचो. एक कमी.

सायकल तिला आली ती धान कापल्यावर. बांध्या मोकळ्या पडल्या, पाहायला कोणी नव्हतं, आणि ही पोर रोज दुपारी एकटी जाऊन पडत होती. कोणी सांगितलं नाही, टाळ्या नाहीत, फळा नाही. डिसेंबरातल्या एका शनिवारी घंटी वाजवत शाळेत आली. मला इतका आनंद झाला — तो खरा होता, विश्वास ठेवा नाही तर नका ठेवू. मी तिला वर्गात नेलं, म्हटलं, सांग यांना. तिनं सांगितलं.

“सरांच्या डाव्या हाताले एक मईना लागला. मले नऊ मईने लागले. म्हनजे माया मेंदू सरांच्या नऊपट मंद आहे. पन येते. तुमी भिऊ नका.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन्ही हातांनी.

नऊपट! तिचा हिशेब बरोबर होता, आकडा माझा चुकीचा होता. मला चार वर्षं लागली होती, आणि तीही कोणी हात बांधून बसवलं तेव्हा. ती माझ्यापुढे होती, कितीतरी पुढे. हे वाक्य माझ्याकडे तयार होतं, आजही आहे. तीन वर्षांत किती शनिवार झाले असतील?

आता ती दहावीत आहे. रोज सकाळी शाळेवरून जाते, घंटी वाजवते. गेल्या शनिवारी थांबली, एक पाय जमिनीवर टेकवून. मी विचारलं, पुढं काय? तिला नर्स व्हायचं आहे, हे पाचवीपासून मला माहीत आहे. हसत म्हणाली, “सायन्स नाही घेत सर. लोकायले दोन सालं लागतात, मले नऊपट धरा. अठरा सालं कोन थांबन?”

चेष्टा करत होती, आणि मनापासून बोलत होती. मी फाटकाला हात लावून उभा होतो. तोंड उघडलं. म्हणालो, “अजून वेळ आहे, पाहू.”

बरं सर, म्हणाली आणि गेली. सायकल छान चालवते, वळणावर हातसुद्धा सोडते.

मी वर्गात आलो, खडू उचलला आणि फळ्यावर तारीख लिहिली. उजव्या हातानं. अक्षर सुंदर आलं.