उंदरांच्या पिंजऱ्याची तपासणी

मुलगी नववीत असताना आमच्याकडे दोन उंदीर आले, दोन्ही माद्या. बायकोच्या ऑफिसातली एकजण बंगळूर सोडताना पिंजऱ्यासकट देऊन गेली. पिंजऱ्यात पाण्याच्या बाटलीशिवाय काहीच नव्हतं. बाकीचं सामान आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात कुठलीही वस्तू माझ्या शंका फिटल्याशिवाय येत नाही.

बनशंकरीतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा मालक बेळगावकडचा. आमच्याशी मराठीतच बोलायचा. त्याने आधी तारांचं चाक पुढे केलं. मी मोजलं, वीस सेंटिमीटर. एवढ्याशा चाकात उंदराची पाठ वाकते आणि तारांत पाय अडकतो, हे मी वाचून गेलो होतो. सगळे हेच नेतात, असं तो म्हणाला. त्यामुळे माझा संशय वाढलाच. मी तीस सेंटिमीटरचं, सलग पट्टीचं चाक मागवायला लावलं. कुरतडायच्या रंगीत ठोकळ्यांवर ओला रुमाल घासला, तो गुलाबी झाला. ठोकळे परत ठेवले. बिनरंगी लाकडी घर नाकाला लावून हुंगलं.

"स्वल्प वास असणारच, सर. लाकूड आहे."

घर घेतलं, पण ते 'स्वल्प' माझ्या डोक्यात राहिलं.

टांगायच्या झोळ्या होत्या, त्यांचं कापड कसलं ते मात्र त्याला सांगता येईना. म्हणून झोळी घरीच करायची ठरवली. माळ्यावरच्या ट्रंकेत सासूबाईंच्या हातची गोधडी होती, जुन्या सुती लुगड्यांची. तिचा एक तुकडा मी मापाने कापला, बायकोने चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या. दोघींपैकी करडी तर त्या झोळीतून उतरेनाच.

चौथ्या दिवशी करडी शिंकू लागली. दहा मिनिटांत अकरा शिंका. काट्यावर वजन केलं, दोनशे ऐंशी ग्रॅमवरून दोनशे सहासष्टवर आलेलं. नाकाभोवती रक्तासारखा लाल पाझर. मुलगी शाळेतून आली की पिंजऱ्यासमोर बसून राहायची.

"बाबा, ही मरणार का?"

मी लाकडी घर बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी चाक काढलं. तिसऱ्या दिवशी तळाचा भुसा काढून कागदाचे कपटे घातले. शिंका थांबल्या नाहीत. मी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर मालकाला विचारलं, लाकडाला कसलं औषध मारलंय. त्याने शांतपणे त्याचे स्वतःचे उंदीर दाखवले, तशाच घरात झोपलेले, ठणठणीत. ते घर दाखवण्यापुरतं वेगळं ठेवलं असेल, असं मला घरी येईपर्यंत वाटत होतं.

शेवटी करडीला डॉक्टरांकडे नेलं. पिंजऱ्यात नवीन काय काय आलं, असं त्यांनी विचारलं. माझ्याजवळ कागद तयारच होता. प्रत्येक वस्तू, तिचं माप, घातली तो दिवस, काढली तो दिवस. मुलीने तो डॉक्टरांच्या खांद्यावरून वाचला.

"बाबा, ह्यात झोळी नाही."

"ती घरची आहे," मी म्हणालो.

करडीला आणली होती ती त्याच झोळीत गुंडाळून. डॉक्टरांनी ती नाकाजवळ नेली आणि लगेच लांब धरली. डांबराच्या गोळ्यांत ठेवली होती का, असं त्यांनी विचारलं. ठेवली होती, कित्येक वर्षं. आमच्या ट्रंकेतलं सगळंच तसं असतं. मला तो वास कधी आलाच नव्हता, कारण माझ्या लेखी धुतलेल्या कपड्यांना तोच वास असतो. उंदरांची फुप्फुसं नाजूक असतात, लाल पाझर हे रक्त नव्हे, त्रास झाला की येणारा स्राव, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि औषध दिलं.

दहा दिवसांनी शिंका थांबल्या. वजन दोनशे अठ्ठ्याहत्तर भरलं. मग मी त्या दुकानात गेलो आणि मालकाला गोधडीचं सगळं सांगितलं. त्याने आकड्यावरची एक झोळी काढून माझ्यापुढे धरली.

"आधी हुंगा, सर."

मी हुंगली. काहीच वास आला नाही. तरी घरी नेऊन पिंजऱ्यात टांगण्याआधी मुलीच्या हातात दिली आणि तिचं हुंगून होईपर्यंत थांबलो.