रुमालाची गाठ

जळगावच्या उन्हाळ्यात घरातला माणूस कान उघडे ठेवून बाहेर पडला की बायकांच्या जिवाला घोर लागतो. माझ्या तर जास्तच. आमचे हे पिंप्राळ्याहून सायकलने चटईच्या कारखान्यात जायचे, दुसऱ्या पाळीला, म्हणजे ऐन दुपारी. एका वर्षी त्यांना ऊन लागलं, तीन दिवस सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून ते निघाले की मोठा पांढरा रुमाल डोक्यावरून कानांवर आवळून मागे गाठ मीच मारायची. मागचं काही ऐकू येत नाही, अशी त्यांची कुरकुर असायची. रस्ता डोळ्यांनी बघायचा असतो, असं म्हणून मी त्यांना गप्प करायची. घरात माझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

मागच्या वैशाखात महामार्गावर कडेला वाळू सांडलेली होती. ती चुकवायला हे जरा उजवीकडे सरकले आणि मागून आलेल्या केळीच्या ट्रकचा धक्का बसला. ड्रायव्हर चोपड्याकडचा. पळून न जाता त्यानेच ह्यांना उचलून दवाखान्यात आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय वाचेल, पण सायकल विसरा, असं डॉक्टर म्हणाले. आत ऑपरेशन चाललं होतं आणि बाहेर मी त्या ड्रायव्हरला तोंडाला येईल ते बोलत होते. डोळे फुटले होते का मेल्या, हॉर्न द्यायला हात नव्हते का. तो खाली मान घालून म्हणाला, "अक्का, किती हॉर्न वाजाडा. भाऊसनी मांगे देखंच नही."

नर्सने दिलेली कपड्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. रुमाल कात्रीने कापून काढलेला होता, गाठ तशीच घट्ट होती.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. ड्रायव्हर दाराशी उभा होता, त्याच्यावर केस होणार होती. ह्यांनी सांगितलं की हॉर्न वाजला असेल, मला ऐकू आला नाही, कान बांधलेले होते. हवालदारांनी लिहिता लिहिता विचारलं, एवढ्या रहदारीत कान कोण बांधतं?

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच बांधले होते, साहेब."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ह्या माणसाला स्वतःचा रुमाल कधी नीट बांधता आलेला नाही. मी पदर तोंडाशी धरून बाहेर आले आणि त्या ड्रायव्हरपुढे हात जोडले. कान मी बांधले होते, हे त्याला सांगितलं. हवालदारांना सांगायची मात्र माझी हिंमत झाली नाही.