एकूण त्रास सगळ्यात कमी

आटपाट भांडुप होतं. तिथे एक म्हातारी होती, म्हणजे मी. मला एक सून, वैशाली. तिला एक मुलगा, सुयोग. आणि सुयोगला एक नोकरी, अंधेरीला, एसी हापिसात. घर मात्र नव्हतं, कारण आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेतली होती आणि आम्ही कांजूरमार्गला भाड्याने पडलो होतो. तिथे कचऱ्याच्या डंपिंगच्या वासाने खिडकी उघडायची सोय नाही. नव्या घराकडून मला एवढंच हवं होतं: उघडी ठेवता येईल अशी एक खिडकी.

सुयोगच्या नोकरीचे किस्से म्हणजे सिंकमधली भांडी. एक घासून ठेवावं तोवर दुसरं येऊन पडतं.

"काम काय रे तुझं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ऑप्टिमायझेशन, आजी. एखादं काम करायच्या हजार पद्धती असतात. त्यातली सगळ्यात बरी आम्ही गणिताने शोधतो."

"आणि ते काम कोण करतं?"

"ते आमच्याकडे नसतं."

*

एका बिस्किटवाल्या शेठने सुयोगच्या हापिसातल्यांना बोलावलं. त्याचे टेम्पो मालाडपासून मुलुंडपर्यंत दुकानादुकानात माल टाकत फिरायचे, डिझेल फार जळायचं. यांनी कॉम्प्युटरला सांगितलं, टेम्पो कमीत कमी फिरतील असं काढ. त्याने चुटकीत काढलं. सगळे टेम्पो गोदामातच उभे ठेवायचे.

माल दुकानात पोचलाच पाहिजे, हे त्याला सांगायचं राहिलं होतं. आणि हे उत्तर यांनी न बघता थेट शेठसमोर मोठ्या पडद्यावर लावलं.

शेठने पडदा वाचला. मग म्हणाला, "हे तर माझा मेव्हणा फुकटात करतो."

*

हापिसात डबे गरम करायला मशीन एकच. दुपारी लाईन लागायची, भांडणं व्हायची. साहेब म्हणाले, जगाच्या लायनी आपण मोडतो, आपलीच मोडत नाही? लगेच गणित मांडलं आणि प्रत्येकाला वेळ ठरवून दिली. लाईन संपली. सुयोगच्या शेजारी बसणाऱ्या मितालीला वेळ मिळाली संध्याकाळी साडेचारची.

ती साहेबांकडे गेली. "सर, मला दुपारी भूक लागते."

साहेब म्हणाले, "मग ते आधी सांगायचं ना."

*

बाहेर एवढे दिवे लावल्यावर घर कसं सुटेल? एका सुट्टीच्या दिवशी सुयोग स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. मम्मी कुठला डबा किती वेळा घेते ते बघत. संध्याकाळी त्याने सगळं घर हलवलं. जे जास्त लागतं ते हाताशी, जे कमी लागतं ते माळ्यावर. "मम्मी, तुझे पाय वाचणार," म्हणाला.

तो दिवस होता रविवार. आमच्याकडे रविवारी बांगडा. त्यामुळे हाताशी आली कोकमं, खोबऱ्याची किसणी आणि तिरफळं. सोमवारी सकाळी चहापावडर माळ्यावर.

वैशाली स्टुलावर चढून ओरडली, "हे काय करून ठेवलंस रे?"

"मम्मी, डेटा रविवारचा होता."

"मग चहा पण रविवारीच पी."

*

गणपतीत नातेवाइकांकडे दर्शनाला जायचं. एक दिवस, तीन घरं. सुयोग म्हणाला, मी मार्ग काढतो. काढला. मुलुंडची माझी धाकटी नणंद पहिली, मग घाटकोपरचे व्याही, शेवटी बोरिवलीची थोरली.

म्हटलं, "थोरलीकडे शेवटी? पुढच्या वर्षी दार उघडायची नाही ती."

त्याने थोरलीला पहिलं टाकलं. मग मी सांगितलं, धाकटीकडे दुपारच्या आरतीला हजर राहायला लागतं. व्याह्यांकडे जेवायला गरम असताना पोचायला लागतं, नाहीतर मुलीकडची माणसं मनाला लावून घेतात. आणि बाकी दोघींकडून न जेवता निघायचं नाही. सगळं त्याने भरलं. कॉम्प्युटर थोडा वेळ फिरला आणि लिहून आलं की असा मार्गच नाही.

"बाबू," मी म्हटलं, "हे तुझ्या आजोबांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत सांगितलं होतं."

*

मग आलं घरांचं वाटप. नव्या बिल्डिंगची पुढची घरं रस्त्यावर, मागची नाल्यावर. नाल्यावर कोणालाच जायचं नव्हतं. चिठ्ठ्या टाकूया म्हटलं तर सेक्रेटरी दळवी म्हणाला, "चिठ्ठी म्हणजे जुगार. आपला सुयोग आहे ना, सायंटिफिक करू."

सुयोग घरोघर फिरला. नाल्याकडचं घर मिळालं तर त्रास किती, शून्य ते दहा सांगा. कोणी नऊ, कोणी दहा. दळवीने अकरा सांगितला.

वैशाली कामावर होती, म्हणून आमच्या घरचं मला विचारलं. आता आम्ही कोकणातली माणसं. कोणी त्रास विचारला तर काय बोलायचं असतं? "त्रास कसला रे? देवान दिल्यान ता घर."

नातवाने शून्य टाकला.

सभेत नावं वाचली. दळवीला पुढचं, रस्त्याकडचं. नाल्यावर पहिलं नाव आमचं. लोकांनी सुयोगसाठी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर वैशाली म्हणाली, "कांजूरची खिडकी बंद, आता भांडुपची पण बंद. आईंनी उभा जन्म वासच घ्यायचा का?"

"मम्मी, पण एकूण त्रास सगळ्यात कमी आलाय."

"हा एकूण राहतो कुठे? त्याला बोलव जेवायला. बघू दे मला त्याचं तोंड."

मी नव्या घरासाठी काढलेलं पडद्याचं कापड परत ट्रंकेत टाकलं.

चाव्या मिळायच्या आधी समोरच्या रस्त्यावर उड्डाणपूल बांधायचं ठरलं. पुलाची माणसं विचारायला आली, सोसायटीला काही त्रास? दळवीने सगळ्यांच्या वतीने छाती काढून सांगितलं, "विकासाला आमचा पाठिंबा. त्रास बिलकूल नाही."

पूल झाला. दळवीच्या खिडकीला लागूनच जातो. बसमधली माणसं त्याच्या ताटात आज मासा कुठला ते बघून पुढे जातात. आणि पुलाचं सामान न्यायला मागच्या बाजूने रस्ता हवा होता, म्हणून नाल्यावर स्लॅब पडला आणि वास बंद झाला. आता आमच्या खिडकीतून सरळ डोंगर दिसतो. वारा असा की कॅलेंडर भिंतीला टिकत नाही. पडदे लावलेत, पण ते खिडकीच्या बाहेरच असतात.

परवा दळवी आला. चहा प्यायला, वारा खाल्ला, मग म्हणाला, "आजी, तुम्हाला रहदारी बघायला आवडते ना? आपण घरं बदलूया का? कागदपत्रं मी बघतो. तुम्हाला काही त्रास?"

सुयोग बाजूला लॅपटॉप घेऊन बसला होता.

"लिही रे बाबू," मी म्हटलं. "अकरा."