डबल दिल्याशिवाय

"डबल दिली का मी? नाय ना? मग हात काढा."

मास्तरांच्या खुर्चीला कुणी पाठीमागून हात लावला की हे वाक्य ठरलेलं. व्हीलचेअरच्या हातावर त्यांनी सायकलची घंटी बसवून घेतली होती. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली, म्हणजे डबल मिळाली, की निघायचं. एसटीच्या कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. आमचे मास्तर कन्नडच्या गाडीवरचे. मणक्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि कमरेखालचं सगळं गेलं. नोकरी गेली, कंडक्टरकी मात्र गेली नाही.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान, आणि बरोबर समोर त्यांचं दार. मशीनवर मान खाली घालून बसलेल्या बाईला गल्लीतलं काही दिसत नाही, असं गिऱ्हाइकांना वाटतं. वाटू दे.

रोज संध्याकाळी मास्तर चौकातल्या हॉटेलात चहाला निघत, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत. चौदा एप्रिलला याच वाटेनं, डोक्याला निळा फेटा बांधून, जयंतीच्या मिरवणुकीला. पाय गेल्यापासून एकही जयंती त्यांनी चुकवली नव्हती. दारात एक बुटकी पायरी होती, तेवढ्यापुरती मी लागायची. आणि तेवढ्यासाठीही पूर्ण कवायत.

"आधी दोन्ही ब्रेक. आता पाय पायदानावर हायेत का बघा, ताई. बघितले? मग काढा ब्रेक."

पायरी उतरताना गाडी पाठमोरीच. तोंड पुढं करून उतरवली तर पॅसेंजर नाकावर, असं त्यांचं म्हणणं. मी आधी खाली उतरून मागे मागे सरकायची आणि मास्तर, स्टँडवर गाडी मागे घेताना ओरडतात तसे, मान वळवून ओरडायचे, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बास!" मग टिणटिण.

"कन्नडला कधी पोचताय मास्तर?" मी विचारायची.

"चहा झाला की!"

एकदा चौकात एका भल्या माणसाला त्यांची दया आली. दया आली की माणूस विचारत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यानं मागून दांडे धरले, एक हिसका दिला आणि खुर्ची रस्त्यापलीकडे पळवली. मास्तर जिवाच्या आकांतानं एकेक घंटी देत राहिले. त्याला वाटलं, काका गर्दी हटवताहेत. तो आणखी जोरात पळाला. पलीकडे पोचल्यावर "आपलं कर्तव्यच आहे" म्हणून निघूनही गेला.

हे सगळं मास्तर माझ्या दुकानापुढे हसत हसत सांगत होते, आणि मीही हसत होते. मग माझी नजर खाली गेली. त्या हिसक्यानं त्यांचा पाय पायदानावरून घसरला होता आणि रस्ताभर फरफटत आला होता. मोजा रक्तानं भिजला होता.

"अगं बाई! मास्तर, पाय!"

त्यांनी वाकून पाहिलं.

"दुखलं नाय, ताई," ते म्हणाले. "दुखलं असतं तर बरं व्हतं."

त्यानंतर "डबल दिली का मी?" हे वाक्य मला कधी गमतीचं वाटलं नाही.

पुढे गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. जुना खोदायचे कष्ट कोण घेतो? त्याच्याच छाताडावर नवा ओतला. नारळ फुटला, पेढे वाटले, मीही खाल्ला. रस्ता वाळल्यावर कळलं की मास्तरांचं दार गुडघाभर खाली गेलंय. पायरी उतरायची होती, ती आता खड्ड्यातून वर चढायची झाली. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, गुडघे आधीच कामातून गेलेले.

लोक वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांनीच मिळून मास्तरांसाठी उतार बांधला. लांब बांधला असता तर मोटारसायकली कुठं लावायच्या? म्हणून आखूड बांधला, आणि आखूड बांधला म्हणून तो उभा झाला. वर प्रेमापोटी फरशी बसवली, हॉलमध्ये बसवतात तसली चकचकीत.

मास्तर दारात बसून वर बघत राहिले. "कन्नडचा घाट बरा व्हता," ते म्हणाले. "त्याला वळणं तरी व्हती."

तरी एकटे चढायला गेलेच. अर्ध्यात पुढची लहान चाकं उचलली आणि खुर्ची मागे कलंडली. वहिनी पाठीशी होत्या म्हणून डोकं वाचलं. वहिनींनी चार जणांना सांगून पाहिलं, उतार जरा लांब करा. सगळे म्हणाले, जयंतीच्या आत करून टाकू.

चौदा एप्रिल आला. उतार होता तसाच होता. पांढरे कपडे घातलेले गल्लीतले चौघं दारात आले.

"जय भीम, मास्तर! चला, खुर्चीसकट उचलतो."

"जय भीम. उचलू नका."

"अहो, आम्ही हाव ना!" म्हणत एकानं खुर्चीचा हात धरून वर ओढला. तो निघणारा हात होता, घंटीसकट त्याच्या मुठीत आला. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत.

"मी काय टपावरचं सामान हाय का?" एवढंच म्हणाले. हात परत बसवून घेतला आणि दोन्ही ब्रेक लावले.

चौकातून ढोल ऐकू येत होते. चौघं जरा घुटमळले. मास्तरांची बोटं घंटीवर होती, पण त्यांनी ती वाजवली नाही. मग चौघं गेले. त्यांनाही मिरवणूक होतीच.

मी रस्ता ओलांडून गेले. "मी आणि वहिनी ढकलतो, मास्तर. चला."

"आज वर नेताल, ताई," ते म्हणाले. "उद्या?"

मी परत मशीनवर जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. पूर्वी दर थोड्या वेळानं हातांवर जोर देऊन ते स्वतःला सीटवरून उचलायचे. बसून बसून कातडी सडते म्हणायचे. तेही सोडून दिलं. वहिनी रोज विनवायच्या, उठा, जरा हला. व्हायची ती जखम झाली, चिघळली, आणि जखमेचा ताप काही उतरला नाही.

मास्तर गेले. वंदना झाली. त्याच चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली आणि उताराशी येऊन थबकले. डबल मिळेपर्यंत थांबायची सवय गल्लीतल्या प्रत्येकाला लागली होती. कोपऱ्यात रिकामी खुर्ची होती, ब्रेक लावलेली.

शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "चला आता, ऊन व्हायलंय."

पाय घसरू नयेत म्हणून वहिनींनी फरशीवर पोतं अंथरलं होतं. त्यावरून चौघं सावकाश चढले, आणि मास्तर रस्त्यावर आले. डबल कुणी दिली नव्हती.