नदीच्या जागी काळा चौकोन

त्या दुष्काळी उन्हाळ्यात शहरात टँकरमागे रांगा लागल्या होत्या, आणि जालना रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या छोट्या स्टुडिओत सदफ पैठणच्या कोरड्या गोदावरीत पाणी भरत होती. टीव्ही मालिकेच्या दृश्यांवर वेगळं पाणी, वेगळं आकाश बेमालूम चढवणं हा तिचा धंदा. हात कसबी, जीभ त्याहून धारदार. तिचा कायदा एकच: दृश्याला लागणारी प्रत्येक क्लिप त्या दृश्याच्याच फोल्डरात हवी. डेस्कटॉपवरून परस्पर जोडताना जो सापडेल, त्यानं प्यायच्या पाण्याचा जार खालून वर आणायचा. लिफ्ट नव्हती. आजवर जार सगळ्यांनी वाहिला होता, सदफनं कधीच नाही, आणि याचा तिला भारी तोरा.

एका दुपारी मुंबईहून मालिकावाल्यांचा फोन आला. प्रोजेक्ट उघडलं तर नदीच्या जागी काळा चौकोन, क्लिप सापडत नाही. पाचपर्यंत दुरुस्त झालं नाही तर काम दुसरीकडे. तिच्या संगणकावर बसून ते दृश्य शेवटी पुरं केलं होतं कडुबानं. शेंद्र्याचा, चाळिशी ओलांडलेला, जमीन एमआयडीसीत गेल्यावर हे काम शिकलेला. सदफनं चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली, उद्यापासून येऊ नका म्हणाली. तो जार आणायला खाली गेला.

मग तिनं हरवलेल्या क्लिपचा संगणकातला पत्ता पाहिला. पत्त्यात तिचंच नाव होतं, तिचाच डेस्कटॉप. पहिली जोडणी तिनंच केली होती, नंतर हलवू म्हणून राहून गेली होती. आणि तो डेस्कटॉप गेल्याच आठवड्यात तिनं स्वतः साफ केला होता. पाणी गेलं, काम गेलं, आणि भलत्याच माणसाला तिनं हाकललं होतं.

कडुबा धापा टाकत वर आला. तिनं उठून जारला हात घातला.

"भाऊ, चूक माझी हाय. क्लिपबी गेली."

"गेली नाय, ताई. म्या पयल्याच दिवशी फोल्डरात उतरवून ठेवली. तुमच्या जोडणीला हात लावायचा धीर नाय झाला."

"मग मघाशी बोलले का नाय?"

"सगळ्यांसमोर?"

क्लिप जोडायला दोन मिनिटं लागली. पाचच्या आत नदी मुंबईला गेली. मग सगळ्यांदेखत ती दुसरा जार आणायला खाली उतरली. उद्या येताल ना, हे कडुबाला कसं विचारावं, ते तिला तिसरा मजला चढून होईपर्यंत सुचलं नाही.