मी फुली मारलेलं बरोबर उत्तर

युद्धाची बातमी आली की आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले पेन्शनर छाती फुगवून सांगतात, "संसदेनं ठरवलंय, आता सोडत नाहीत." यांना कोणी विचारलेलं नसतं आणि संसदेलाही नाही. विमानं जाऊन परत येतात, मग खासदार बाकं वाजवतात. आपल्याला विचारलं नाही याचा इतका आनंद झालेली माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

पण हे खोटं शिकवणाऱ्यांत मीही होतो. इथल्याच एका शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायचो. युद्धाचा निर्णय कोण घेतं, या प्रश्नाला दहावीतल्या एका मुलीनं लिहिलं, 'मंत्रिमंडळ. संसदेला आधी विचारायचं बंधन नाही.' मी फुली मारली.

"सर, बंधन आहे ते कलम दाखवा ना," ती म्हणाली.

"जास्त शहाणपणा नको," मी म्हणालो आणि घरी जाऊन राज्यघटना उघडली. तसं कलम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. गिरणी बंद पडल्यावर ते वॉचमन झाले होते. "मास्तरांनू, चेडवाक माफ करा," ते हात जोडून म्हणाले. राज्यघटना माझ्या पिशवीतच होती. मी मोठ्या मनानं माफ केलं.

परवा कट्ट्यावर हे सांगितलं, तर एकजण म्हणाला, "जाऊ दे रे, एका मार्काचं काय एवढं?"

मार्काचं काहीच नाही. त्यानंतर वर्षभर तिनं वर्गात हात वर केला नाही, आणि तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, 'वर्तणूक सुधारली.'